आज भाजी काय केलीस?

मृगाचा पाऊस लांबला, कोथिंबीर महागली, दोन दिवस कामवाली आली नाही... अशा बोलण्याला आपण ‘इकडचं तिकडचं’ म्हणून सोडून देतो, हे मला पटत नाही.

अभ्यासक हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत पाऊस आहे, शेत आहे, लेकीचं सासर आहे. दळता दळता गायलेल्या याच साध्या गोष्टींतून बायकांच्या जगण्याचा केवढा इतिहास हाती लागला! पुढे गिरण्या आल्या, जाती थांबली. बोलणं मात्र ओट्यापाशी, भाजीच्या गाडीजवळ, फोनवर चालूच आहे. ते टिपून ठेवायला हवं.

वाचकहो, आईचा फोन आला की घाई करू नका. तिच्याकडे आज काय शिजलं ते विचारा आणि जमलं तर आम्हाला लिहून पाठवा.