वहिनींचे मंगलाष्टक

लग्नसराईत घरोघरी वह्या उघडतात. मामा, मावशी, आत्या, सारी मंगलाष्टके जुळवू लागतात, आणि मांडवात म्हणताना मात्र मध्येच दम लागतो. आमच्या समुद्रपुरात शेजारच्या वहिनींचे परवा तसेच झाले. डोळे भरून म्हणाल्या, “ताई, चालीत बसूनच नाही राहिलं हो!”

मुलीचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. वहिनींनी मांडवात पुढे उभे राहू नये, असे कुणी वडीलधाऱ्यांनी सुचवलेले. (यावर काय बोलायचे ते मी तिथेच बोलले.) तेव्हा निदान आपले शब्द तरी लेकीच्या कानी पडावेत, एवढीच त्यांची इच्छा. त्यांची ओळ अशी होती:

माझी लेक निघाली घरातून आता, डोळ्यांत पाणी आले

“गीताई तर मी घडाघडा म्हणते, मग हेच का अडतं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. विनोबांनी १९३०-३१ साली लिहिलेली गीताई आपल्या वर्धा जिल्ह्यात अनेकींना पाठ असते. तिचे बहुतेक श्लोक अनुष्टुभातले. चरणात अक्षरे आठ, त्यांतली दोन-तीनच बांधलेली, बाकीची मोकळी. मंगलाष्टकाचे नेहमीचे वृत्त मात्र शार्दूलविक्रीडित. तिथे ओळीतली एकोणीसच्या एकोणीस अक्षरे बांधलेली असतात.

नावाला भिऊ नका. ह्रस्व अक्षर लघु, दीर्घ ते गुरू. ह्रस्वाच्या पुढे जोडाक्षर येऊन त्यावर जोर पडला, तर तेही गुरू. आता बोटांवर मोजा बरं: तीन गुरू, दोन लघु, एक गुरू, लघु, गुरू, लघु, पुन्हा दोन लघु, एक गुरू. झाली बारा. इथे यती, म्हणजे श्वास घ्यायची जागा. पुढे गुरू, गुरू, लघु असे दोनदा आणि शेवटी एक गुरू. झाली सात. कडव्याच्या अखेरीस ‘मंगलम्’वर संपणारे पालुपदही याच सातांच्या तुकड्यात बसते.

वहिनींच्या पहिल्या तुकड्यात अक्षरे तेरा. ‘निघाली’चे ‘निघे’ केले, एक कमी झाले. ‘घरातून’मधला ‘तू’ आखूड केला आणि ‘आता’चे ‘अता’. कवितेत एवढी मुभा असते. दुसऱ्या तुकड्याची गंमत पाहा: अक्षरे बरोबर सात, तरी चाल अडखळते! कारण सहावे अक्षर लघु हवे आणि तिथे ‘आले’तला ‘आ’ येऊन बसलेला. नुसती अक्षरे मोजून भागत नाही, त्यांचे वजनही पाहावे लागते. शेवटी ओळ अशी झाली:

माझी लेक निघे घरातुन अता, डोळ्यांत आसू उभे

वहिनींनी ती मंगलाष्टकाच्या चालीवर म्हटली, आणि श्वास नेमका स्वल्पविरामाशी आला. कितीतरी वेळ त्या नुसत्या गुणगुणत होत्या.

वडिलांची ओळ त्यांनी एकटीनेच जुळवली. ‘बाबा’ म्हणजे दोन गुरू, ओळीच्या आरंभी चपखल बसतात. काल रात्री वही घेऊन आल्या. मी बोटे मोडीत मोजले, एकोणीस! गुरुजींनाही विचारून झाले आहे. शेवटचे अष्टक वहिनी स्वतः म्हणणार आहेत, मांडवात, माइकवर.