छोट्या रेल्वेचें इंजिन-यार्ड

घरांत छोटी रेल्वे मांडणाऱ्या गृहस्थाचा पहिला पैसा इंजिनावर खर्च होतो. दुसराही बहुधा इंजिनावरच होतो. गाड्या दोन आणि इंजिनें सात, अशी स्थिति थोड्याच दिवसांत येते, आणि मग तीं सात इंजिनें ठेवावयाचीं कोठें हा प्रश्न पडतो. त्यावर ठरलेलें उत्तर म्हणजे टेबलाच्या एका कोपऱ्यांत टर्नटेबल बसवावें, त्याच्याभोंवतीं पंख्यासारखे रूळ पसरावे आणि प्रत्येक रुळावर एकेक इंजिन उभें करून द्यावें. हें दृश्य दिसावयास फार मोहक असतें यांत शंका नाहीं. परंतु महिन्याभरानें पाहावें, तर सगळीं इंजिनें जेथल्या तेथें. ज्या एका इंजिनास गाडी ओढावयाची असते, तेवढें हातानें उचलून मुख्य मार्गावर आणून ठेवलेलें. ज्या क्षणीं इंजिन हातानें उचललें त्या क्षणीं रेल्वे संपली व खेळणें उरलें. इतका पैसा, आणि एकत्र कुटुंबांत पैशाहूनही दुर्मिळ अशी माडीवरील आठ फूट जागा, ही एवढ्यासाठींच अडकवून ठेवली काय, असें घरांतील वडील मंडळींनीं विचारलें, तर त्यांस काय उत्तर द्यावें?

आमच्या मतें चूक आरंभींच होते. इंजिन-यार्ड म्हणजे इंजिनें मांडून ठेवण्याची जागा असें आपण धरून चालतों. मांडून ठेवण्यास कांचेचें कपाट आहे. यार्ड हें कामाचें ठिकाण होय. तेथें इंजिन येतें तें कोळसा-पाणी संपत आलेलें आणि पोटांत राख सांचलेली अशा अवस्थेंत येतें. ठराविक क्रमानें ठराविक कामें उरकून घेतें, आणि पुन्हां गाडीस लागण्यास सिद्ध होतें. हा क्रम एकदां समजला कीं नकाशा निम्मा आपोआप उलगडतो. तो समजला नसेल, तर कितीही सुबक टर्नटेबल विकत आणा, यार्ड अडल्यावांचून राहात नाहीं.

ज्यांनीं लहानपणीं न्हाणीघरांतला तांब्याचा बंब पेटविला आहे, त्यांस हें समजावयास फारसा वेळ लागूं नये. मध्यें विस्तव, भोंवतीं पाणी, खालीं राख. पाणी आटूं द्यावयाचें नाहीं आणि राख तुंबूं द्यावयाची नाहीं. वाफेचें इंजिन म्हणजे असाच एक प्रचंड, धांवता बंब समजावा. फरक इतकाच कीं, बंबाप्रमाणें तें रोज विझवून रोज पेटवितां येत नाहीं. थंड बॉयलरांत वाफ धरावयास कित्येक तास लागतात, शिवाय वरचेवर तापण्या-निवण्यानें बॉयलरचे सांधे व नळ्या खराब होतात. म्हणून फेरी संपली तरी विस्तव बहुधा विझवीत नसत. तो साफ करून, बेताचा ठेवून, झांकून ठेवीत.

फेरी संपवून आलेलें इंजिन अनेक यार्डांत प्रथम कोळसा व पाणी घेई. त्यानंतर वाळू. वाळूचें नांव ऐकून नवख्या माणसास आश्चर्य वाटतें. पण ओल्या रुळावर किंवा चढावर चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं, तर त्यांच्यापुढें नळीनें वाळू सोडावी लागते. ही वाळू अगदीं कोरडी हवी, नाहीं तर ती नळींत अडकते. अमेरिकेंतील यार्डांत वाळू वाळविण्याची स्वतंत्र भट्टी असे. वाळलेली वाळू हवेच्या दाबानें उंच टाकींत चढवीत आणि तेथून ती नळानें इंजिनाच्या पाठीवरील घुमटांत सोडीत. इंग्लंडांत हेंच काम बहुतेक ठिकाणीं माणूस बादलीनें करी. सर्वांत शेवटीं राखेचा खड्डा. कोळशांतील मळ वितळून त्याचे दगडासारखे गोळे भट्टीच्या जाळीवर थिजतात. ते लांब लोखंडी सळयांनीं फोडून काढावयाचे, खालची राख खड्ड्यांत पाडावयाची, पुढच्या पेटींतली काजळी उपसावयाची. भर उन्हाळ्यांत हें काम करणाऱ्या खलाशांचे काय हाल होत असतील, याची कल्पना आपल्या बैठकीच्या खोलींत बसून यावयाची नाहीं.

राख शेवटीं कां, तर विस्तव कमी केल्यावर इंजिनास उरलेल्या वाफेवर थोडेंच चालतां येतें. म्हणून खड्ड्यापासून शेड जवळ हवी. कांहीं यार्डांत राख आधीं व कोळसा मागाहून अशीही पद्धति होती. आपण कोणतीही पत्करावी, पण एक पत्करावी. आणि ध्यानांत ठेवण्याची मुख्य गोष्ट ही, कीं कोळसा-पाण्यास लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ राखेच्या खड्ड्यावर जातो. लग्नघरीं न्हाणीघर एकच आणि त्यांत एखादे काका स्तोत्र म्हणत सावकाश स्नान करीत असले, म्हणजे बाहेर जी रांग लागते तीच येथें लागते. ज्या इंजिनास केवळ पाणी घेऊन लगेच परत जावयाचें आहे, तेंही त्या रांगेंत अडकतें. म्हणून कोळशाच्या व राखेच्या रुळाला समांतर असा एक मोकळा रूळ ठेवणें, हें आम्ही यार्डाचें पहिलें अंग मानतों. टर्नटेबल त्याच्या नंतर. नवशिक्यांच्या नकाशांत नेमका हाच रूळ नसतो, कारण त्याच्यावर कांहींच उभें करावयाचें नसतें!

आतां एक खरें उदाहरण घेऊं. लंडनहून ब्रिस्टलकडे जाणाऱ्या मार्गावर, ऑक्सफर्डचा फाटा जेथें फुटतो, तेथें डिडकॉट नांवाचें स्टेशन आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें १९३२ सालीं तेथें बांधलेली चार रुळांची सरळ शेड अद्याप उभी आहे; वाफेचीं इंजिनें जतन करणारी ग्रेट वेस्टर्न सोसायटी १९६७ सालीं तेथें आली व तिनें ती जागा संग्रहालय म्हणून चालविली. तेथील कोळशाचा धक्का पाहण्यासारखा आहे. कोळशाच्या वाघिणी चढावरून धक्क्याच्या मजल्यावर ढकलीत, तेथें कोळसा फावड्यांनीं लहान ढकलगाड्यांत भरीत आणि त्या गाड्या खालीं उभ्या असलेल्या इंजिनाच्या टेंडरांत उलट्या करीत. धक्क्याच्या माथ्यावरच पाण्याची टाकी. एकाच इमारतींत दोन कामें साधलीं आहेत, म्हणून जागेची टंचाई असणाऱ्यानें हा नमुना अवश्य अभ्यासावा. आपल्याकडे अनेक शेडांत मजूर टोपल्यांनीं कोळसा चढवीत. हरियाणांतील रेवाडीची १८९३ सालची शेड वारसा म्हणून राखलेली आहे, ती पाहिल्यास देशी पद्धतीची कल्पना येते.

डिडकॉटसारखें यार्ड आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद टेबलावर बसेल काय? संबंध बसणार नाहीं, पण त्याचा सारांश बसतो. इंग्लंडांत रूढ असलेल्या ओ.ओ. प्रमाणांत खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात. ग्रेट वेस्टर्नचें कॅसल जातीचें इंजिन टेंडरसह ६५ फूट २ इंच लांब, म्हणजे आपल्या टेबलावर सुमारें साडेदहा इंच. सत्तर फुटी टर्नटेबल ११ इंचांचें होतें. बाजारांत मिळणारा आंखूड सांधा सुमारें सात इंच जागा खातो, आणि नकाशा फसतो तो बहुधा येथेंच. कागदावर सांधा एका रेघेनें होतो, टेबलावर त्याची लांबी द्यावी लागते.

डावीकडून हिशेब करावा. मुख्य मार्गावरून आंत येणारा सांधा ७ इंच, त्यापुढें कोळशाचा रूळ व मोकळा रूळ अलग करणारा सांधा ७, रांगेंत थांबणाऱ्या एका इंजिनास साडेदहा, कोळसा-पाण्याखालीं साडेदहा, राखेच्या खड्ड्यावर साडेदहा, दोन्ही रूळ पुन्हां जुळविणारा सांधा ७, शेडचे रूळ फोडणारा सांधा ७, आणि दोन रुळांची शेड, प्रत्येक रुळावर दोन इंजिनें, २२ इंच. एकूण साडेएक्याऐंशी इंच, म्हणजे सात फुटांच्या आंतच. टर्नटेबलाचा रूळ शेडच्या बाजूनें न्यावा, म्हणजे तें शेडच्या लांबींतच सामावतें. टर्नटेबल असें वाटेच्या बाजूला ठेवण्यांत आणखी एक फायदा आहे. तें वाटेंत असलें, तर त्याचा पूल एकदां अडकला कीं सगळें यार्ड बंद. बाजूला असलें, तर इंजिनें उलट्या तोंडानें कां होईना, पण बाहेर पडतात. शेडमधून निघणारें इंजिन मोकळ्या रुळावरून मुख्य मार्गाकडे जातें, तेव्हां तो रूळ दुहेरी उपयोगाचा होतो. चार-पांच इंजिनांच्या यार्डास एवढ्यावर भागतें.

टर्नटेबलाभोंवतीं अर्धवर्तुळाकार इंजिनघर बांधण्याचा अमेरिकन थाट कित्येकांस मोह घालतो. त्यांनीं मापें मात्र आधीं पाहावीं. अमेरिकेंत चालणाऱ्या एच.ओ. प्रमाणांत एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात. नव्वद फुटी टर्नटेबल साडेबारा इंचांच्या आंतबाहेर येतें. परंतु दोन रुळांमध्यें दहा अंशांचा कोन ठेवला, तर इंजिनघराच्या दारांस पुरेशी रुंदी मिळावयास केंद्रापासून सुमारें १२ इंच दूर जावें लागतें, आणि घराची खोली आणखी १३ इंच. म्हणजे केंद्रापासून मागची भिंत २५ इंचांवर गेली. दोन फुटी टेबलाचा विचार येथेंच सोडावा. रुंद टेबल असलें तरी मागच्या भिंतीजवळ घसरलेलें इंजिन काढावयास हात पोंचला पाहिजे, आणि ३० इंचांपलीकडे तो सुखानें पोंचत नाहीं. मुलांस युनियन पॅसिफिक रेल्वेचें 'बिग बॉय' हवें असतें. १९४१ ते १९४४ या काळांत अशीं २५ इंजिनें बांधलीं गेलीं. त्याची लांबी जवळजवळ १३३ फूट, आणि त्याच्यासाठीं त्या रेल्वेला १३५ फुटी टर्नटेबलें बसवावीं लागलीं. एच.ओ. मध्यें तें साडेअठरा इंचांहून थोडें अधिक झालें. हट्ट गोड असला तरी पुरविण्यापूर्वीं फूटपट्टी लावावी, हें बरें.

यार्ड स्वतः एक गिऱ्हाईकही आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. इंजिनें कोळसा घेतात, तो कोळसा कोणीतरी आणावा लागतो. म्हणून धक्क्यामागें तीन-चार वाघिणींचा एक आंखूड फाटा ठेवावा; ओ.ओ. मध्यें जुनी चारचाकी वाघीण तीन इंचांची, तेव्हां एक फूट पुरतो. भरलेल्या वाघिणी आल्या, रिकाम्या गेल्या. राखेच्या खड्ड्याशेजारीं एखादी वाघीण राखेसाठीं उभी. ती भरली कीं तीही न्यावयाची. अशा रीतीनें दुसऱ्या एखाद्या लहान इंजिनास दिवसभराचें शंटिंग मिळतें, आणि घरांत दोन मुलें असतील तर दोघांच्याही हातांस काम राहतें. धक्क्यावर चढणारा उतार मात्र आठ फुटांत दाखवूं नये. दोन इंच उंची गांठावयास, पंचविसांत एक असा बऱ्यापैकीं तीव्र चढ धरला तरी, ५० इंच लागतात. त्यापेक्षां बुटका धक्का आणि टोपल्या घेतलेलीं चार माणसें दाखविणें अधिक शोभतें.

विजेची बाजू थोडक्यांत सांगतों. जुन्या पद्धतींत रुळांत वीज सोडली कीं त्यावरचीं सगळीं इंजिनें एकदम निघतात. म्हणून शेडच्या प्रत्येक मुक्कामाला वेगळें बटण हवें. १९९० नंतरच्या दशकांत डी.सी.सी. ही पद्धति प्रमाणित झाली, तींत प्रत्येक इंजिन आपल्यापुरता हुकूम ऐकतें आणि हा खटाटोप वांचतो. टर्नटेबलाचा पूल अर्धा फिरला कीं त्याच्या रुळांतील विजेची दिशा मात्र उलटी होते. ती पुन्हां जुळविण्याची सोय दोन्ही पद्धतींत करावीच लागते. डिझेलचें यार्ड मांडणारास राखही नको आणि बहुधा टर्नटेबलही नको. वाळू मात्र डिझेललाही लागते.

इतकें झाल्यावरही लगेच दुकान गांठूं नये. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून आठ फुटांचा पट्टा करावा, त्यावर नकाशा खऱ्या मापानें आंखावा, आणि पुठ्ठ्याच्या साडेदहा इंची पट्ट्या कापून त्यांस इंजिनांचीं नांवें द्यावीं. मग एका रविवारीं घरांतील मुलांना भोंवतीं बसवून पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस खेळून पाहावा. अमुक इंजिन सहाच्या गाडीचें, अमुक आठच्या मालगाडीचें. कोणी आधीं यावें, कोणी आधीं निघावें. सरळ शेडमध्यें दाराशीं उभें असलेलें इंजिन मागच्याची वाट अडवितें, म्हणून रात्रीं कोणास कोठें लावावें याचा विचार आदल्या सायंकाळींच करावा लागतो. खऱ्या शेडच्या फोरमनची हीच रोजची डोकेदुखी होती. एखादी पट्टी दुसरीवरून उचलून न्यावी लागली, कीं तेथें नकाशांत खोट आहे असें समजावें व रेघ पुसावी. दहा-बारा वर्षांचीं मुलें या खेळांत मोठ्यांपेक्षां लवकर तरबेज होतात, आणि आजोबांस पंच नेमल्यास तेही हळूहळू पुढें सरकून बसतात. पुण्यांत कोथरूडला १९९८ सालीं सुरू झालेलें जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय आहे. तेथें मुलांस एकदां नेऊन आणावें, म्हणजे गाड्या कशा चालवितात हें तीं पाहतील. परत आल्यावर पट्ट्यांचा डाव पुन्हां मांडावा.

टर्नटेबलाचा पूल घरच्या घरीं लांकडाचा कसा करावा, आणि तो रुळांशीं नेमका जुळून थांबावा यासाठीं कोणती युक्ति करावी, हें पुढील अंकीं पाहूं.