तारामंडळाचा जमाखर्च

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत संगणकावरील खेळाविषयी लेख पाहून काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठी पडेल, याची कल्पना आहे. मुले तासन्‌तास पडद्यासमोर बसतात, अभ्यास मागे पडतो, ही घरोघरीची तक्रार काही खोटी नव्हे. परंतु म्हणून सर्व खेळांना एकच माप लावणे म्हणजे जुगाराचा अड्डा आणि बुद्धिबळाचा पट या दोहोंना एकच कुलूप घालणे होय. ज्या खेळाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यात नेमबाजी मुळीच नाही. जमाखर्च मात्र पानोपानी आहे.

त्याचे नाव ‘मास्टर ऑफ ओरायन’. अमेरिकेतील सिमटेक्स या संस्थेने तो रचला, स्टीव्ह बार्सिया हे त्याचे रचनाकार, आणि १९९३ मध्ये मायक्रोप्रोज कंपनीने तो प्रसिद्ध केला. खेळणाऱ्याच्या हाती प्रारंभी एकच ग्रह असतो. तेथून इतर ताऱ्यांभोवती वसाहती वसवावयाच्या आणि प्रतिस्पर्धी राज्यांपुढे टिकाव धरावयाचा, असा हा डाव. त्याच वर्षी अ‍ॅलन एमरिच यांनी या खेळाची ओळख करून देताना त्याच्या चार क्रिया सांगितल्या: शोध, विस्तार, दोहन आणि संहार. पुढे अशा साऱ्या खेळांना त्यावरूनच नाव पडले. बहुतेक खेळणाऱ्यांचा जीव चौथ्या क्रियेत गुंतलेला असतो; डावाचा निकाल मात्र बहुधा तिसरीतच लागून जातो.

प्रत्येक ग्रहाचे वार्षिक उत्पन्न पाच खात्यांत वाटावयाचे असते: जहाजबांधणी, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. एका खात्यात भर घातली की दुसऱ्यातून तेवढे कमी होणारच. उधारीची सोय नाही. नाण्याला ‘बीसी’ म्हणतात. मूळ ग्रहावर आरंभी लोकसंख्येची ४० एकके आणि ३० कारखाने असतात. लोकसंख्येचे एक एकक वर्षाला सुमारे अर्धा बीसी देते, चालू कारखाना एक बीसी देतो. म्हणजे जमेच्या बाजूस सुमारे ५० बीसी. नवा कारखाना उभारावयास १० बीसी लागतात.

आता आपल्यापैकी कोणीही बोटांवर हिशेब करील: दहा घातले, वर्षाला एक आला, दहा वर्षांत मुद्दल वसूल, परतावा शेकडा दहा. येथेच नवखा फसतो. प्रत्येक चालू कारखाना वर्षाला एक माप घाण निर्माण करतो, आणि प्रारंभीच्या अवस्थेत एका बीसीत दोनच मापे साफ होतात. म्हणजे निव्वळ प्राप्ती अर्धा बीसी, मुद्दल फिटावयास वीस वर्षे, खरा परतावा शेकडा पाच. तीस कारखान्यांच्या सफाईत पन्नासातील पंधरा बीसी पहिल्याच वर्षी जातात. ते वाचविण्याचा मोह होतो. परंतु घाण साठली की ग्रहाची माणसे पोसण्याची शक्ती घटते, माणसे मरू लागतात, आणि कारखाने चालविणारे हातच कमी होतात. सफाई हा नफ्यातून करावयाचा धर्मादाय खर्च नसून नफा काढण्यापूर्वी वजा करावयाची रक्कम आहे, ही गोष्ट या खेळाने १९९३ मध्येच आपल्या खतावणीत नोंदवून ठेवली. कित्येक खऱ्या ताळेबंदांत ती अद्याप उतरलेली नाही.

यातून एक मार्मिक निर्णय पुढे उभा राहतो. संशोधनाने कारखाना दहाऐवजी नऊ बीसीत उभारता येतो. दुसऱ्या शोधाने एका बीसीत दोनऐवजी तीन मापे घाण साफ होते. आधी काय घ्यावे? पहिला शोध केवळ यापुढे उभ्या राहणाऱ्या कारखान्यांपुरता लाभ देतो. दुसरा जुन्या-नव्या सर्व कारखान्यांची निव्वळ प्राप्ती अर्ध्यावरून दोन तृतीयांशावर नेतो; वीस वर्षांची वसुली पंधरांवर येते. ज्याचे बांधकाम अजून व्हावयाचे आहे त्याने पहिला घ्यावा, ज्याचा पसारा आधीच उभा आहे त्याने दुसरा. जुन्या पेढ्यांतून नव्या खरेदीतील सवलतीसाठी घासाघीस होते आणि चालू खर्चाकडे कोणी पाहत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

आरमाराचा हिशेबही असाच आहे. जहाजाच्या किमतीच्या शेकडा दोन एवढी रक्कम दरवर्षी त्याच्या निगराणीत जाते. हजार बीसींचे आरमार नुसते उभे राहिले तरी वर्षाला वीस बीसी खाते. म्हणजे प्रारंभीच्या चाळीस कारखान्यांची निव्वळ प्राप्ती. जहाजे नकोत असे मी म्हणत नाही, कारण निःशस्त्र राज्य शेजारी गिळून टाकतो. पण शेजाऱ्याला दिपविण्यासाठी बांधलेले जहाज आणि गरजेपुरते बांधलेले जहाज यांच्या निगराणीचा दर एकच असतो.

मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो भाग नव्या वसाहतीचा, कारण तो आपल्या घरांतील तरुणांना थेट लागू पडतो. नव्या ग्रहावर प्रारंभी मूठभर माणसे असतात. त्याला मदत करावयाची तर मध्यवर्ती गंगाजळी आहे. परंतु ग्रहांच्या उत्पन्नावर कर बसवून ती भरावयाची झाल्यास प्रत्येक दोन बीसींमागे एकच जमा होतो. शिवाय वसाहतीला एका वर्षात स्वतःच्या उत्पन्नाइतकीच रक्कम त्यातून वापरता येते. ज्या ग्रहाचे उत्पन्न दोन बीसी, त्याच्यापुढे हजारांची थैली ठेवली तरी तो दोनच पचवील. म्हणून जाणता खेळाडू पैशाआधी माणसे पाठवितो. माणसे पोहोचली की उत्पन्न वाढते, उत्पन्न वाढले की मदत पचते, मग कारखाने उभे राहतात. तेही बेताने, कारण प्रारंभी माणसांच्या एका एककामागे दोनच कारखाने चालतात. अधिक उभारले तर ते नुसते उभे.

परगावी दुसरे दुकान काढणारा आपला तरुण सभासद बहुधा याच्या उलट करतो. आधी जागा, मग सजावट, मग भरगच्च माल. आणि विश्वासू माणूस सर्वांत शेवटी, तोही मिळाला तर. वडीलधारेही मूळ पेढीतून रक्कम धाडून निश्चिंत होतात आणि दुसऱ्याच वर्षी नफ्याचा हिस्सा मागतात. खेळात कोवळ्या वसाहतीकडून कोणी जहाजे मागू लागला, तर तिचे कारखाने वर्षानुवर्षे खुंटतात आणि जहाजही पुरे होत नाही.

१९९६ मध्ये या खेळाचा दुसरा भाग आला. त्यात पाच खात्यांऐवजी प्रत्येक ग्रहावर एकेक इमारत सांगावी लागते, आणि माणसे शेतकरी, कामगार व संशोधक अशी विभागावी लागतात. रोख देऊन अपुरी इमारत तत्काळ पुरी करता येते. काम जितके अपुरे तितका दर चढा. तो भाग अधिक लोकप्रिय झाला. तरीही माझे मत पहिल्यालाच आहे. दुसऱ्यात वीस ग्रह झाले की राजा कारकून होतो आणि मोठी चूक लहान कामांच्या गर्दीत लपते. २००३ च्या तिसऱ्या भागात कारभार बराचसा यांत्रिक सुभेदारांवर सोपविला, तेव्हा अनेक जुन्या चाहत्यांनी पाठ फिरविली. धन्याने कोणती खाती स्वतः पाहावीत, हा प्रश्न तेथेही सुटला नाही.

या खेळाची खतावणी सर्वस्वी खरी आहे असे मात्र नाही. त्यात कारखान्यांना घसारा नाही. एकदा उभारलेला कारखाना शत्रूने फोडीपर्यंत नवाच राहतो. पत नावाची वस्तू नाही. शब्दावर माल देणारा आडत्या नाही, मुदत वाढवून देणारा सावकार नाही. आणि माणूस म्हणजे अर्धा बीसी. त्याला एका ग्रहावरून दुसऱ्यावर न विचारता धाडता येते, वाटेत शत्रूने त्याचे जहाज पाडले तर केवळ एक आकडा कमी होतो. मुलगा हा डाव खेळत असेल तर त्याला उठवू नये. जवळ बसून त्याच्या या वर्षीच्या पाच खात्यांचे आकडे विचारावेत, आणि त्यानंतर धाडलेल्या माणसांचे काय झाले तेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो चटकन देईल.