नाताळ त्यांचा, केक आपल्या नियमातला



गेल्या आठवड्यात महिला मंडळात मी सहज बोलून गेले, की यंदा नाताळचा केक मी घरी करणार आहे. लगेच एकीने विचारले, "काकू, आता आपण नाताळपण करायचा का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

खरे कारण तिथे सांगितले नाही, ते इथे सांगते. धायरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नगरकडचे ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांच्याकडे नाताळला आपल्या दिवाळीसारखाच करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ असतो, सोबत केक. ताई दरवर्षी स्वतः ताट घेऊन येतात. केकमध्ये अंडे आणि रम असणार हे मला ठाऊक. मी हसून ताट घ्यायची, केक कामाच्या मावशींना देऊन टाकायची आणि नंतर ताईंनी "कसा झाला होता?" विचारले की "छान" म्हणायची. अशी नऊ वर्षे. मी कॉमर्सची, हिशेब मांडायची सवय. अहिंसा जमेला धरली, पण सत्य दरवर्षी खर्ची पडत होते.

यंदा क्षमावाणीला धीर करून त्यांना सांगून टाकले. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचं ना!" तेव्हाच ठरवले, या वर्षी केक आपल्या घरातून जाईल आणि तो दोन्ही घरांना खाता येईल.

आता प्रश्न निवडीचा. बेकरीतून बिनअंड्याचा आणला तर? हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो, पण त्या ठिपक्याचा अर्थ फक्त शाकाहारी एवढाच आहे. सरकारी व्याख्येत मध शाकाहारीत बसतो, आपल्याकडे बसत नाही. दारूत भिजवलेल्या मनुकांनाही हिरवा ठिपका चालतो. म्हणून मागचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नका. मी तरी घरचाच पसंत केला.

इंग्रजी रीतीत हा केक कित्येक आठवडे आधी करतात. सुका मेवा दारूत मुरवायचा, भाजलेल्या केकवरही अधूनमधून दारू शिंपडायची, म्हणजे तो टिकतो. आपले शास्त्र नेमके उलटे सांगते. पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस. जितके मुरवाल, तितकी जीवोत्पत्ती. तेव्हा आपण आधी करायची ती तयारी, केक नव्हे.

माझी तयारी अशी. पंधरा दिवस आधी सुका मेवा आणून निवडायचा. बेदाणे आपले सांगली-तासगावचे घ्या. खजूर प्रत्येक उघडून पाहायचा. पुष्कळ पाककृतींत अंजीर असते, ते आपण वगळायचे, त्याऐवजी जर्दाळू. आले कंदमूळ, म्हणून सुंठ. अनेक श्वेतांबर मैत्रिणी फाल्गुन चौमासीपासून सुका मेवा सोडतात, पण कार्तिकी पौर्णिमेनंतर त्यांनाही तो चालतो, म्हणजे डिसेंबरात अडचण नाही. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ 20 तारखेनंतर कुटायचे. गहूही तेव्हाच दळून आणायचे.

24 तारखेला सकाळी वाटीभर चिरलेला मेवा अर्धी वाटी गरम संत्र्याच्या रसात दोन-तीन तास भिजवायचा. रंगासाठी तीन चमचे साखर गडद तपकिरी होईपर्यंत वितळवायची, गॅस बंद करून लांबूनच पाव वाटी गरम पाणी ओतायचे. ते उडते, सांभाळा. मग दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ तूप, वाटीभर ताजे दही, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, मसाला आणि मेवा. 160 अंशांवर साधारण 45 ते 50 मिनिटे. सुरी कोरडी निघाली की झाला. सूर्यास्ताच्या आत ओटा आवरलेला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. मागच्या रविवारी करून पाहिला. दारूत मुरवलेल्या केकसारखा तो जड होत नाही, हे कबूल. पण वास घरभर तोच.

आता मंडळातल्या प्रश्नाचे उत्तर. याच पुण्यात 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर गहजब झाला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्या काळी कोणाच्या घरचे, हाच प्रश्न होता. आपला नियम तसा नाही. पदार्थात काय आहे, कधीचा आहे, कोणत्या वेळी खातो, हे आपण पाहतो. शेजारीण कोणत्या धर्माची, हे त्यात कुठेच येत नाही. नियम पाळताना आपण माणसालाच दूर ठेवत असू, तर नियम आपल्याला कळलाच नाही.

त्यामुळे नाही, मी नाताळ करत नाही. मी फक्त ताईंचे ताट रिकामे परत पाठवत नाही. आणि यंदा त्यांनी विचारले, "कसा झालाय?" तर खरे उत्तर देता येईल.