नगरसेवक आले, आता नागरिकही येवोत

वसई-विरार महापालिकेतील साडेपाच वर्षांचे प्रशासकराज जानेवारी 2026 च्या निवडणुकीने संपले. तरीही माणिकपूरच्या सुशिक्षित, सुस्थित घरांत एक सूर अजून ऐकू येतो: नगरसेवक आले म्हणजे खाबूगिरी आली, प्रशासकच बरा होता. हा समज खोटा आहे आणि शहराला घातकही.

नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा बराच काळ सभागृह लोकनियुक्तच होते. त्याचा जाब राजकारण्यांनी दिलाच पाहिजे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने फेब्रुवारी 2025 पर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि अडीच हजारांवर कुटुंबे उघड्यावर आली. पण त्यानंतर मे महिन्यात नगररचना उपसंचालकाकडे ईडीला साडेआठ कोटींहून अधिक रोकड सापडली, तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. बांधकाम परवानगीसाठी चौरस फुटामागे दर ठरला होता, असा ईडीचा आरोप आहे. याच प्रकरणात ईडीने केलेली माजी आयुक्तांची अटक उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि आरोप सिद्ध व्हायचे आहेत. मात्र सभागृह नसले म्हणून लाच थांबत नाही, उलट आयुक्तांना भर सभेत प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही, हे या काळाने दाखवून दिले.

ईडीने सांगितलेल्या साखळीत अधिकाऱ्यांबरोबर वास्तुविशारद, सनदी लेखापाल आणि मध्यस्थही आहेत. म्हणजे भ्रष्टाचार केवळ पुढाऱ्यांचा, आपण त्याचे निव्वळ बळी, असे म्हणण्याची सोय शिकलेल्या वर्गाला उरत नाही. फाइल लवकर सरकावी म्हणून पाकीट देणाराही या व्यवहाराचा भागीदारच असतो. त्याची किंमत मात्र नालासोपाऱ्यात आयुष्यभराची कमाई घालून घर घेणारा मोजतो.

याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई या पर्यावरण चळवळीत सामान्य माणसे दहशतीला न जुमानता उभी राहिली होती. आज तेवढे धैर्यही लागत नाही. प्रत्येक बांधकाम परवानगी नकाशासह संकेतस्थळावर टाका, कायद्यात असलेल्या क्षेत्रसभा भरवा, ही मागणी माणिकपूरने लावून धरावी. नकाशा, दस्त आणि अंदाजपत्रक वाचता येणाऱ्यांनी ती कागदपत्रे शेजाऱ्यांना समजावून सांगावीत. लोकशाहीला नावे ठेवून भ्रष्टाचार हटत नाही; लोकप्रतिनिधीला दर महिन्याला हिशेब मागितला, तरच तो हटतो.