वेदना नाही म्हणून विलंब नको

सकाळी उठून वर्तमानपत्र हाती घ्यावे आणि एका डोळ्यापुढे धुके पसरलेले आढळावे. डोळा लाल नाही, दुखत नाही. अशा वेळी पुष्कळ माणसे चष्म्याला दोष देतात, किंवा मोतीबिंदू झाला असे समजून स्वस्थ बसतात. हे स्वस्थ बसणेच घातक होय. मोतीबिंदू सहसा एका रात्रीत दृष्टी हिरावून नेत नाही. नीलेत धरलेली गुठळी मात्र नेऊ शकते.

डोळ्याच्या आतील पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, रोहिणी रक्त पुरविते आणि नीला ते परत नेते. या दोन वाहिन्या जेथे एकमेकींस ओलांडतात, तेथे त्यांचे बाह्य वेष्टन समाईक असते. वाढत्या वयाने व रक्तदाबाने रोहिणीची भिंत जाड आणि कठीण झाली, की शेजारची मऊ नीला दबते, रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि तेथे गुठळी होते. चर तुंबला म्हणजे पाणी शेतात साचते. त्याचप्रमाणे रक्त व द्रव दृष्टिपटलात झिरपतात, मध्यभाग सुजतो आणि दृष्टी अंधुक होते.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन प्रसिद्ध केले, तेव्हापासून वैद्यांना जिवंत रक्तवाहिन्या शस्त्र न लावता पाहता येऊ लागल्या. तेथे दिसणारा अडथळा हा केवळ डोळ्याचा रोग नव्हे. कित्येकदा उच्च रक्तदाबाची किंवा मधुमेहाची ती पहिली वार्ता असते. काचबिंदू असलेल्यांनाही हा धोका अधिक असतो.

भारतात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया खेडोपाडीच्या लोकांपर्यंत पोहोचल्या. हे कार्य मोठेच आहे. तथापि चष्म्याचा क्रमांक काढून व मोतीबिंदू पाहून नेत्रतपासणी पुरी झाली, असे मानणे योग्य नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर त्याच वेळी तपासली गेली पाहिजे. प्रत्येक गावी नेत्रतज्ज्ञ असणे कठीण, हा आक्षेप खरा आहे. पण रक्तदाब मोजण्यास नेत्रतज्ज्ञ लागत नाही.

डोळ्यात द्यावयाची आधुनिक इंजेक्शने सूज उतरवितात व अनेकांची दृष्टी सुधारतात. परंतु ती खर्चिक असून पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, आणि विलंबाने झालेली हानी सर्वस्वी भरून येतेच असे नाही. म्हणून दृष्टी एकाएकी मंदावली, तर वेदनेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.