कयामतचा हिशेब आणि आजाऱ्याची भेट



'कयामत' हा शब्द मुंबईत वाढलेल्या आपल्या मंडळींना नवा नाही. पण त्या दिवसाबद्दल मुसलमान नेमके काय मानतात, हे नातवंडांनी विचारले तर सांगता यायला हवे. इथे अमेरिकेत त्यांच्या वर्गात मुसलमान मुले असतात.

इस्लामच्या शिकवणीनुसार मेलेल्याला कबरीत मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते प्रश्न विचारतात: तुझा देव कोण, धर्म कोणता, पैगंबर कोण? तिथून कयामतपर्यंतचा काळ म्हणजे 'बरझख'. ती घडी कधी येणार, हे एका अल्लालाच ठाऊक. त्या दिवशी सगळे मेलेले उठतील. ज्याच्या त्याच्या कर्मांची वही हातात पडेल; उजव्या हातात आली तर सुटका. बरेवाईट 'मीझान'मध्ये, म्हणजे तराजूत, तोलले जाईल. मग जन्नत, नाहीतर जहन्नम.

हे आपल्याला अगदीच परके नाही. नव्याच्या सणापासून किप्पुरपर्यंत वही उघडी असते, असे आपणही म्हणतो. मेलेले उठणार, हे तर आपल्या अमीदात रोजच येते.

आम्हा नर्स मंडळींना यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. 'सहीह मुस्लिम' या हदीसच्या संग्रहात सांगितले आहे की त्या दिवशी अल्ला माणसाला आजाऱ्याच्या भेटीचाही जाब विचारील. आजाऱ्याला भेटला नाहीस, म्हणजे मलाच भेटला नाहीस, असे म्हणेल. आपल्याकडे यालाच बिक्कुर होलीम म्हणतात. त्याचे व्याज या जगात मिळते आणि मुद्दल पुढच्या जगासाठी शिल्लक राहते, असे आपले जुने रब्बी सांगून गेले.

मुसलमान रोगी अखेरच्या घटका मोजत असला की घरचे त्याच्या कानाशी कलमा म्हणतात, तोंड मक्केकडे करतात. मुंबईत ती दिशा पश्चिम, न्यूयॉर्कमध्ये ईशान्य. खाट फिरवायला दोन मिनिटे लागतात, पण घरच्यांचा जीव केवढा शांत होतो! दफनही आपल्यासारखेच, होईल तितक्या लवकर, पांढऱ्या कफनात.

आज आपली कितीतरी माणसे नर्सिंग होममध्ये एकटी पडली आहेत. मराठी बोलायलाही शेजारी कोणी नाही. नुसता फोन पुरत नाही हो, पाय झिजवावे लागतात. मुलांनो, या रविवारी आईबाबांना घेऊन एकाला तरी भेटून या. शेजारचे मुसलमान आजोबा आजारी असतील तर त्यांनाही. दहा मिनिटे बसा आणि हात हातात घ्या.